थुंकीचे दहा हजार

आधी पैशांचं बोलू. एक किट ५,९९९ रुपयांचं, जोडी घेतली तर ९,९९८. मी जोडी घेतली, एक मला आणि एक ताईला. घरबसल्या नळीत थुंकायचं, कुरिअरवाल्याच्या हातात द्यायचं आणि महिन्याभराने 'तुमच्या जनुकांना मानवणारा आहार' पीडीएफमधून येतो, असं जाहिरातीत होतं. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. माझी तक्रार एका कंपनीबद्दल कमी आणि या एकूण प्रकाराबद्दल जास्त आहे. पाचात अडीच तारे देते. का, ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

पुण्यात नारायण पेठेत माझी मेस आहे. बावीस वर्षं झाली. सध्या दोन टाइमचे ६२ मेंबर आहेत. बहुतेक एमपीएससीची मुलं-मुली, शिवाय चार-पाच एकटे राहणारे आजोबा. तेलाचा पंधरा किलोचा डबा आठ दिवस जातो, म्हणजे ताटामागे साधारण पंधरा ग्रॅम. हा हिशोब मला तोंडपाठ आहे, कारण तेलाचा भाव वाढला की आधी माझी झोप उडते. तर एकाच कढईतलं, एकाच हातचं जेवण वर्षानुवर्षं जेवणारी माणसं रोज माझ्यासमोर बसतात. मागे एका खोलीत राहणारी दोन मुलं होती. तीन वर्षं माझ्याकडे जेवली. खाडेसुद्धा एकाच दिवशी, कारण गावालाही बरोबरच जायची. नोकरीच्या मेडिकलला दोघांचं रक्त तपासलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, एकाचं ९५, दुसऱ्याचं ३१०. आणि ३१० वाला वाऱ्याने उडेल असा. त्याच्या आईचा फोन आला, "काकू, तेल जरा कमी घाला हो." मी काय बोलणार? त्याच तेलात पहिल्याचे ९५ होते.

मी १९९३ ची बीएस्सी, मायक्रोबायोलॉजी. पुढे लग्न, मग सासूबाईंचे डबे, मग मेस. पेट्री डिश सुटली ती सुटलीच, पण चौकसपणा गेला नाही. त्यात घरची गोष्ट. आमचे बाबा देवगडात पोस्टमन होते, रोज मैलोन्‌मैल सायकल. अंगावर मांस नाही, विडी नाही, दारू नाही. १९९६ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, पत्रांची पिशवी खांद्यावर असतानाच गेले. मी आता ५३ ची. माझं कोलेस्टेरॉल गेली पाच-सहा वर्षं वरच असतं. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, अजून देवगडातच. रोज अर्धा नारळ, दोन वेळ भात, दिवसातून पाच गोड चहा, आणि डॉक्टर तिला म्हणतात, "तुमचं कोलेस्टेरॉल चांगलं आहे हो." याचा राग येतो की नाही सांगा.

फेब्रुवारीत ताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. आधी एक डोळा, मग दुसरा, म्हणजे सात आठवडे मुक्काम. किट तेव्हाच मागवलं.

थुंकण्याबद्दल दोन शब्द, कारण जाहिरातीतली बाई हसत हसत थुंकते आणि प्रत्यक्षात तसं काही होत नाही. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही. नळीवर रेघ असते, तिथपर्यंत भरायचं, आणि फेस धरायचा नाही, खाली पाणी दिसलं पाहिजे. मी पहाटे पाचला, कणीक भिजवण्याआधी बसले. पंधरा मिनिटं लागली. तोंडाला पाणी सुटेना म्हणून शेवटी कैरीच्या लोणच्याची बरणी उघडून नुसती समोर ठेवली, तेव्हा कुठे रेघ गाठली. मग झाकणातला निळा द्राव आत सोडायचा, हलवायचं, बारकोड चिकटवायचा. ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "थुकूक पैशे कित्याक देतंस गो?"

तिचा पहिला नमुना परत आला, तोही एकोणीस दिवसांनी. 'नमुना तपासणीयोग्य नाही.' मी कंपनीला फोनवर बरंच ऐकवलं. मग ताईने हळूच कबूल केलं की मिश्री लावून झाल्यावर थुंकली होती. कंपनीने दुसरी नळी फुकट पाठवली, एक अक्षर न बोलता. अर्धा तारा तिथला.

रिपोर्ट ७१ पानांचा, सगळा इंग्रजीत. मराठी तर सोडाच, हिंदीही नाही. स्कूटरच्या काट्यासारखी चित्रं: हिरवं, पिवळं, लाल. केस गळतील का, कॉफी मानवते का, धावण्यात चपळ की चिवट, असलं बरंच पाल्हाळ. मला हवी ती चरबीची पानं फक्त सहा. माझा काटा 'सॅच्युरेटेड फॅटची संवेदनशीलता' इथे लाल. ताईचा तिथे हिरवा, पण 'ट्रायग्लिसराइड वाढण्याची प्रवृत्ती' इथे लाल.

ताईची धाकटी इथे बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करते. शनिवारी ती जेवायला असते आणि लसूण सोलायलाही. माझा लाल काटा तिने उलगडून सांगितला तो असा. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई नावाचं जनुक आहे. त्यापासून होणारं प्रथिन रक्तातल्या चरबीच्या गोळ्यांवर बसतं. मी म्हटलं, म्हणजे डब्याची कडी. ती म्हणाली, हो मावशी, तसंच. यकृत ती कडी धरून डबा आत ओढतं. ही कडी तीन घडणींची असते, ई२, ई३, ई४. ई३ सगळ्यांत जास्त लोकांत. प्रथिन म्हणजे २९९ अमिनो आम्लांची माळ, तिच्यात फक्त दोन जागा वेगळ्या, ११२ वी आणि १५८ वी, एवढ्यावर हा सगळा खेळ. ई४ ची कडी असली की जेवणानंतरचे डबे यकृतात भराभर जातात, यकृताचं कोठार भरतं, मग यकृत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आत घेणारी आपली दारं कमी करतं, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप, साय, खोबरेल, हेसुद्धा तीच दारं कमी करतात. म्हणून दोन्ही एकत्र आले की जास्त त्रास, असा तर्क. तर्क म्हणते, कारण तपासून पाहणाऱ्यांना तो दर वेळी सारखा दिसलेला नाही. काही अभ्यासांत ई४ वाल्यांचं एलडीएल तूप-लोणी बंद केल्यावर जास्त उतरलं, काहींत इतरांइतकंच. रिपोर्टात मात्र 'काहींत' हा शब्द कुठेच नाही. काटा लाल म्हणजे लाल.

ताईचं जनुक एपीओए५. २००१ साली सापडलेलं. त्यातला एक बदल ट्रायग्लिसराइड चढं ठेवतो आणि तो युरोपियांपेक्षा आशियाई लोकांत बराच जास्त आढळतो. ताई त्यातली.

आता ते आहाराचं पान. सकाळी ओट्स आणि ब्लूबेरी. दुपारी किनवा. संध्याकाळी अ‍ॅव्होकाडो. रात्री साल्मन, ऑलिव्ह ऑइलमध्ये. ज्वारी, नाचणी, मटकी, चवळी, जवस, कारळं, कडीपत्ता यांतलं एक नाव शपथेला नाही. पैशांत आहाराचा सल्ला घेण्यासाठी वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉलही होता. ताईसाठीचा कॉल मीही ऐकत बसले. समोरची मुलगी गोड होती, पण रिपोर्ट समोर धरून वाचूनच दाखवत होती. मासे खाता का, कुठले, हे विचारलं नाही. साल्मन मिळत नसेल तर १,८९९ रुपयांच्या ओमेगा-३ च्या गोळ्या घ्या म्हणाली. ताईच्या डोळ्याला पट्टी, तरी तिने मान वर केली. "बांगड्यान काय घोडा मारल्यान तुमचा?" मुलीला कळलं नाही. बांगड्यात ओमेगा-३ भरपूर असतं आणि देवगडात तो दारावर येतो, हे मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ओके मॅम, नोट करते."

ताट आपणच मांडायचं, हे मी रिपोर्टची वाट न बघता आधीच ठरवलं होतं. नाहीतरी आयुष्य त्यातच गेलं.

ताई आल्या आल्या दोघींचं रक्त दिलं. बारा तास उपाशी, एकाच लॅबमध्ये, लिपिड प्रोफाइल ४५० रुपये. मग सात आठवडे दोघींना एकच ताट. तूप, साय, खोबरं बंद. सोपं लिहिलंय, पण कोकणातल्या बाईचं खोबरं काढून घेणं म्हणजे काय ते करून बघा. शेंगदाण्याचं तेल, मोजून दिवसाला चार चमचे. मेसच्या कढईतलं नाही, आमचं वेगळं. दुपारी ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, एक वाटी भात. रात्री पोळी. आठवड्यातून दोनदा मासे. चहा दोन, अर्धा चमचा साखर. आणि ताईच्या डोळ्याला परवानगी मिळाल्यावर संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या.

आकडे सांगते. माझे आधीचे: एकूण कोलेस्टेरॉल २३८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४४, ट्रायग्लिसराइड १३०, एलडीएल १६८. नंतरचे: एकूण २०७, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १२५, एलडीएल १३९. ताईचे आधीचे: एकूण १९२, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल १०२. नंतरचे: १७२, ४१, १६५ आणि ९८.

जाता जाता, हिशोब आवडणाऱ्यांसाठी: बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल मोजलेलं नसतं, वजाबाकीने काढलेलं असतं. एकूणातून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. १९७२ पासूनचं सूत्र आहे. वरचे आकडे घालून बघा, जुळतील. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की मात्र हे गणित कोलमडतं आणि एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.

म्हणजे बघा. एकाच ताटावर माझं एलडीएल २९ ने उतरलं आणि ताईचं जागचं हललं नाही. तिचं ट्रायग्लिसराइड ७५ ने उतरलं आणि माझं तिथल्या तिथे. रोज अर्धा नारळ खाऊन तिचं एलडीएल १०२ होतं आणि नारळ बंद करूनही ९८. तिचं दुखणं नारळात नव्हतं, भातात आणि पाच गोड चहांत होतं. सात आठवड्यांत तिचं वजनही अडीच किलो उतरलं. त्यानेही ट्रायग्लिसराइड खाली येतं, तेव्हा सगळं श्रेय ताटाला देत नाही. आणि एका माणसाचे आकडे आठवड्या-आठवड्यालाही हलतात. मी आठ दिवसांनी पुन्हा रक्त दिलं तर माझं एलडीएल १३९ चं १४६ आलं होतं. दोन बहिणींवरून शास्त्र ठरत नाही, एवढं मला कळतं.

तरी प्रामाणिकपणे लिहायचं तर किटचे दोन्ही काटे बरोबर निघाले. एक तारा त्याचा. आता मुद्द्याचं. ते काटे येण्याआधीच, ४५० रुपयांच्या कागदावर काय दिसत होतं? माझं एलडीएल जास्त, ताईचं ट्रायग्लिसराइड जास्त. जे रक्ताने सांगितलं तेच थुंकीने सांगितलं, फक्त अकरा पट पैसे घेऊन आणि रंगीत काट्यांसकट.

यावर भाचीने मला एक अभ्यास वाचून दाखवला. ब्रिटनमध्ये १,००२ निरोगी माणसांना, त्यांत बरीच जुळी, मोजूनमापून तेच जेवण दिलं आणि नंतर रक्त तपासलं. २०२० मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड कुणाचं किती चढलं यात जमीन-अस्मानाचा फरक होता. एकाच बीजाची जुळीसुद्धा सारखी वागली नाहीत. पण हा फरक आधी ओळखायचा तर त्यात जनुकीय फरकांचा वाटा ०.८ टक्के निघाला. पूर्ण एकसुद्धा नाही. रक्तातल्या साखरेच्या बाबतीत ९.५. आतड्यातले जंतू, झोप, जेवणाची वेळ, आधीचं जेवण, या सगळ्यांचा हात त्यात. उपाशीपोटीची आपली पातळी बऱ्याच अंशी आई-बापांकडून येते हे खरं, पण ताट बदललं की ती किती हलेल हे चार-दोन जनुकांवरून सांगणं निराळं. रिपोर्ट हे दोन्ही एकाच काट्यात कोंबतो.

रिपोर्टात माझ्यासाठी 'लो-कार्ब' आणि ताईसाठी 'लो-फॅट' असंही एक पान होतं. (ट्रायग्लिसराइड चढं असणाऱ्या बाईला लो-फॅट! म्हणजे भात वाढवा?) यावरही स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभराचा प्रयोग झालाय, २०१८ चा. निम्मे लो-फॅट, निम्मे लो-कार्ब. सरासरी ५.३ आणि ६ किलो वजन उतरलं, आणि कुणाची जनुकं कुठल्या गटाला 'जुळणारी' होती याने काहीही फरक पडला नाही. जुळणी पत्रिकेसारखी निघाली म्हणायची.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत, निष्कर्ष मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांवर आधारित आहेत, अशीही एक ओळ होती. आता आपल्याकडचं चित्रच वेगळं. २०१४ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) एक मोठा अभ्यास आला, त्यात महाराष्ट्रही होता. त्यात ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले १३.९ टक्केच. म्हणजे ताईसारखी माणसं घरोघर. आणि त्या ३१० वाल्या काटकुळ्या मुलाचं कोडं तर पुण्यातच बसून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगापुढे मांडलं. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी आपले दोघांचे फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्तवाले आपले याज्ञिक. दिसायला दोघेही सडपातळ. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे अख्खा जनुकीय मजकूर, वाचून झालेत, २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. त्यावरून उद्या आपल्यासाठीचे काटे बनतीलही. आज माझ्या पीडीएफमधले काटे कुणा दुसऱ्याच्या गाडीचे आहेत.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते.

शनिवारची रात्र. मेस आवरली होती, दोन्ही दिवे बंद करून एकच ठेवला होता. भाची लसूण सोलत होती आणि मध्येमध्ये अंगठ्याने मोबाइलवर रिपोर्ट सरकवत होती. ४३ व्या पानावर माझ्या जनुकांतल्या अक्षरांचा बारीक तक्ता होता, ज्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आरएस४२९३५८, पुढे सी/टी. आरएस७४१२, पुढे सी/सी. ती थांबली. लसणाची पाकळी हातातच राहिली. मग म्हणाली, "मावशी, हे बघायच्या आधी तुला कुणी काही विचारलं होतं?"

"काय विचारायचं?"

"तू ई३/ई४ आहेस."

"ते माहितीये. म्हणून तर तूप बंद."

ती काही बोलली नाही. मग मीच मोबाइल घेतला. ती कडी फक्त चरबीच्या डब्यांना नसते, मेंदूतही तिचं काम असतं. ई४ चा एक वाटा (आई किंवा बाप, एकाकडून) असला तर अल्झायमरचा, म्हणजे म्हातारपणी स्मृती जाण्याच्या आजाराचा, धोका साधारण दोन ते तीन पट, दोन वाटे असले तर त्याहून बराच जास्त. धोका म्हणजे होणारच असं नाही. ई४ असलेले कित्येक जण शेवटपर्यंत खणखणीत असतात, आणि नसलेल्यांनाही होतो. हे सगळं मला भाचीने नंतर नीट सांगितलं. पण त्या मिनिटाला मला आमची आजी दिसली, बाबांची आई. देवगडच्या घराच्या पडवीत बसून स्वतःच्या लेकाला "कोण रे तू?" विचारणारी. शेवटची सहा वर्षं.

डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी जेम्स वॉटसन. २००७ मध्ये त्यांचा अख्खा जीनोम वाचला गेला आणि जगाला खुला झाला, एक जनुक सोडून. एपीओई. ते मला सांगू नका, असं त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं. त्यांच्याही आजीला अल्झायमर होता. ज्या माणसाला या विषयात कुणी शिकवायला नको, त्याने दार लावून घेतलं. मला तर दार आहे हेही कुणी सांगितलं नाही. तूप खावं की नाही एवढंच विचारायला गेले होते मी. संमतीच्या फॉर्मवर सोळा चौकोन होते, सगळ्यांवर टिक केली, त्यात 'याच जनुकावरून आणखी एक गोष्ट कळेल, ती हवी का' असा सतरावा नव्हता. आणि रिपोर्टात अल्झायमर शब्द कुठेच नाही. म्हणजे सांगितलंही नाही आणि लपवलंही नाही. तक्ता उघडा टाकला, ज्याला वाचता येईल त्याने वाचावा. मी कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, "मॅम, आमचा रिपोर्ट वेलनेससाठी आहे, मेडिकल नाही."

यासाठी मी दोन तारे कापले. मनात असतं तर पाचही कापले असते.

दुसरी गोष्ट डॉक्टरांकडे कळली. आमचे फॅमिली डॉक्टर जुने. ७१ पानं त्यांनी पत्त्यांसारखी चाळली आणि चष्मा काढून विचारलं, "वडील कितव्या वर्षी गेले?" किटच्या प्रश्नावलीत माझी आवडती स्मूदी कुठली हे होतं, हा प्रश्न नव्हता. "चोपन्न." त्यांनी चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली, लायपोप्रोटीन-ए. १,२०० रुपये. माझी ७८ आली. ५० च्या वर जास्त धरतात. ताईची १४.

हे एलडीएलचंच भावंड, वर आणखी एक प्रथिन गुंडाळलेलं. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेलं. याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जन्मजात ठरते आणि आयुष्यभर तिथेच राहते. तूप सोडा, भाकरी खा, गच्चीवर फेऱ्या मारा, ती हटत नाही. आपल्याकडच्या लोकांत जास्त असण्याचं प्रमाणही बरंच आहे. म्हणजे खाण्याने हलणाऱ्या गोष्टींत जनुकांचा काटा दाखवायला ७१ पानं, आणि जिथे सगळाच कारभार जनुकांचा तिथे एक ओळ नाही. मी भाचीला विचारलं, असं कसं? तर म्हणे, किटमधली चिप जनुकातली ठरावीक अक्षरं तपासते, आणि या जनुकात गोम अक्षरांत नसून आवर्तनांत आहे. एकच तुकडा किती वेळा पुन्हा आलाय यावर ठरतं. कमी वेळा आला की प्रथिन आखूड आणि पातळी जास्त. अक्षर वाचणाऱ्या चिपला ती मोजदाद नीट जमत नाही. रक्ताच्या तपासणीला ती करायची गरजच नाही, ती सरळ पातळीच मोजते.

बाबांची कधी तपासली नव्हती, आता कळायचा मार्ग नाही. डॉक्टरांनी मला रोसुवास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. ती लायपोप्रोटीन-ए कमी करत नाही, पण ते हटणार नाही म्हणूनच एलडीएल आणखी खाली ठेवायचं. तीन महिन्यांनी एलडीएल ७६. तूप पुरणपोळीपुरतं परत आलंय. ताई देवगडला गेली, नारळ चालू, चहा तीनवर आणलेत असं सांगते. भाची म्हणते चार.

कुणी घ्यावं का? लिपिड प्रोफाइल वर्षानुवर्षं करून घेताय, घरचा इतिहास डॉक्टरांना सांगून झालाय, पैसे पडून आहेत आणि नुसती हौस आहे, तर घ्या. पण ४३ वं पान उघडायच्या आधी घरच्यांशी बोला. ज्यांनी अजून साधं लिपिड प्रोफाइलच केलं नाही त्यांनी आधी ते करावं. माझ्याकडचे निम्मे मेंबर यातच येतात, मी ओरडून थकले. माझा नमुना नष्ट करा म्हणून दोनदा मेल केली, 'विनंती प्रक्रियेत आहे' असं उत्तर दोनदा आलं. दरम्यान दिवाळी ऑफर आली आहे, 'आईबाबांसाठी एकावर एक'.

मुलगा बंगळुरात असतो, २७ वर्षांचा. त्यालाही किट हवं होतं, ऑफिसातले सगळे करतात म्हणून. मी म्हटलं, किट राहू दे, तू १,२०० रुपयांची एक तपासणी कर. माझं ते जनुक त्याच्याकडे गेलं असण्याची शक्यता निम्मी. मंगळवारी रक्त देऊन आला. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे.